कॉम्प्युटर टेपरेकॉर्डरसारखा का दिसतो?

प्रश्न : मामांचं पूर्णेतलं जुनं घर रिकामं करताना माळ्यावरच्या एका खोक्यात काळ्या प्लास्टिकची चपटी वस्तू सापडली. लांबी दीड वीत, रुंदी त्याच्या निम्मी. वर टणक बटणं आणि प्रत्येक बटणावर अक्षरासोबत दोन-तीन इंग्रजी शब्द. उजव्या कोपऱ्यात चार रंगांच्या तिरक्या पट्ट्या. मागच्या बाजूला ‘इअर’, ‘माइक’, ‘टीव्ही’ अशी भोकं आहेत, त्यामुळे मामी म्हणतात की हा टेपचाच काहीतरी भाग असणार. चालू-बंद करायचं बटण मात्र कुठंच नाही. सोबत काही कॅसेटी आहेत. त्यातली एक लावली तर नुसती किंचाळते. ओळखीच्या टीव्ही मेकॅनिकनं ‘हा जुना कॉम्प्युटर’ असं सांगितलं. मामा १९८७-८८ मध्ये पुण्याला नोकरीला होते. हा कॉम्प्युटर असेल तर टेपरेकॉर्डरचा भाऊ का वाटतो? आणि माझा जन्म १९९६चा. असली वस्तू मी आयुष्यात वापरलेली नाही, तरी ती भंगारात द्यायला हात का धजत नाही?
— एक वाचक, पूर्णा (जि. परभणी)

उत्तर : मेकॅनिकचं म्हणणं बरोबर आहे आणि मामींचंही फारसं चुकलेलं नाही. वर्णनावरून ही वस्तू सिंक्लेअर कंपनीचा ‘स्पेक्ट्रम प्लस’ दिसते. चालू-बंदचं बटण नसणं ही सगळ्यांत पक्की खूण. या यंत्राला ते कधी नव्हतंच; पिन खुपसली की चालू, काढली की बंद. मूळचा स्पेक्ट्रम इंग्लंडमध्ये एप्रिल १९८२ मध्ये आला, त्याची बटणं रबराची होती. टणक बटणांचा ‘प्लस’ ऑक्टोबर १९८४ मधला. आतलं यंत्र तेच, वरचा अंगरखा नवा. भारतात १९८६ पासून डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स ही कंपनी रीतसर परवाना घेऊन तो ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ या नावानं विकत होती. १९९० पर्यंत हा बाजार आटला. मामांची पुण्यातली वर्षं पाहता तुमच्याकडचा नग बहुधा याच कंपनीचा असावा. उलटा करून खालची पट्टी वाचा, म्हणजे खात्री होईल.

आता तो असा का दिसतो ते पाहू. साधं कारण हे की टेपरेकॉर्डर आणि टीव्ही हे त्याचेच अवयव होते. तुमच्या हातात आहे तो अर्धा कॉम्प्युटर. उरलेला अर्धा गिऱ्हाइकाच्या घरात आधीपासूनच आहे, असं धरूनच तो बनवलेला होता. पडदा म्हणून घरचा टीव्ही, कपाट म्हणून घरचा टेप. ताट-वाटी न आणता आलेल्या पाहुण्यासारखं हे यंत्र होतं, आणि त्यामुळेच ते स्वस्त पडायचं. इंग्लंडमध्ये १९८२ साली १६ के स्मृतीचा स्पेक्ट्रम १२५ पौंडांना आणि ४८ के चा १७५ पौंडांना मिळे. पडदा आणि साठवणीचं यंत्र सोबत द्यायचं म्हटलं असतं तर ही किंमत कितीतरी वर गेली असती.

म्हणून ती ‘इअर’ आणि ‘माइक’ची भोकं. टेपच्या ‘इअर’मधून वायर घेऊन ती कॉम्प्युटरच्या ‘इअर’मध्ये घालायची आणि कॅसेट लावायची. कॅसेट किंचाळते ती याचमुळे, कारण तिच्यावर गाणं नाही, प्रोग्रॅम आहे. कॉम्प्युटरला समजतात ते एक आणि शून्य. स्पेक्ट्रममध्ये ‘एक’ म्हणजे आवाजाची एक लांब लाट आणि ‘शून्य’ म्हणजे तिच्या निम्म्या लांबीची लाट. या लाटा सेकंदाला सरासरी दीड हजाराच्या आसपास, म्हणून कानाला ती किंकाळी ऐकू येते. आधी काही सेकंद एकसुरी शिट्टी वाजते, त्या वेळी टीव्हीच्या कडेनं लाल आणि आकाशी पट्टे सरकत राहतात. मग खरखरता आवाज सुरू होतो, तेव्हा पट्टे निळे-पिवळे होतात. पूर्ण ४८ के भरायला पाचेक मिनिटं लागत. चौथ्या मिनिटाला लाइट गेली की पहिल्यापासून. मराठवाड्यात ज्यांच्याकडे हे यंत्र असेल त्यांना या वाक्याचा अर्थ समजावून सांगायला नको.

दुसरी भानगड हेडची. गाण्याच्या कॅसेटचा आवाज थोडा दबका आला तर आपण चालवून घेतो. प्रोग्रॅमचं तसं नाही. हेड केसभर तिरकं असलं तरी बारीक लाटा पुसट होतात आणि कॉम्प्युटर ‘टेप लोडिंग एरर’ म्हणून हात वर करतो. टेपच्या हेडशेजारी एक छोटा स्प्रिंगचा स्क्रू असतो. बारीक पेचकस घालून तो किंचित फिरवायचा आणि किंकाळी सर्वांत धारदार लागते तिथं थांबायचं. रेडिओ-टेप दुरुस्त करणारे कारागीर हे काम गाण्यासाठी रोजच करायचे, हेडवर स्पिरिटचा बोळा फिरवायचे. म्हणजे लंडनच्या पोरानं आणि आपल्याकडच्या टेपवाल्यानं पेचकस एकाच स्क्रूला लावलेला आहे.

प्रोग्रॅम म्हणजे आवाजच असेल तर तो रेडिओवरून का पाठवू नये? नेदरलँड्समध्ये हे १९८० च्या दशकात खरोखरच झालं. तिथल्या ‘एनओएस’ या प्रसारण संस्थेच्या छंदिष्टांच्या कार्यक्रमात कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम हवेतून वाजवले जात. श्रोते ती किंकाळी कॅसेटवर टेप करून घेत आणि मग आपल्या यंत्रात भरत. निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांना चालावी म्हणून त्यांनी ‘बेसिकोड’ नावाची सामाईक बोलीसुद्धा तयार केली. आकाशवाणी परभणीच्या १३०५ किलोहर्ट्झवर संध्याकाळी शेतीच्या कार्यक्रमानंतर पाच मिनिटं अशी किंकाळी लागली असती तर पोस्टात तक्रारींची थप्पी पडली असती, ते वेगळं.

हे झालं गरजेचं. पण नुसती गरज असती तर काळ्या खोक्याला वायरी लावून काम भागलं असतं. तो दिसायला टेपसारखा असण्याची गरज नव्हती. त्यासाठी ही यंत्रं बनवणारे कोण होते ते बघावं लागेल. क्लाइव्ह सिंक्लेअर यांचा धंदाच मुळी रेडिओतून उभा राहिला. १९६१ मध्ये त्यांनी ‘सिंक्लेअर रेडिऑनिक्स’ काढली. घरी जोडायचे चिमुकले रेडिओ, मग हाय-फायचे संच, १९७२ मध्ये खिशात मावणारा कॅल्क्युलेटर, १९७७ मध्ये हातात धरायचा टीव्ही, आणि १९८० मध्ये ‘झेडएक्स ८०’ हा कॉम्प्युटर. एकाच हाताची ही अक्षरं आहेत. झेडएक्स ८० च्या पाठीवर हवा खेळती राहावी म्हणून खाचा दिसतात, ॲम्प्लिफायरला असतात तशा. त्या खऱ्या नाहीत. नुसता देखावा, हवा जायला भोकच नाही. पुढं रिक डिकिन्सन या तरुण डिझायनरनं झेडएक्स ८१ आणि स्पेक्ट्रमला रूप दिलं, आणि काळा रंग, कमीत कमी जाडी, कोपऱ्यात रंगाचा एक झटका हा त्या घराण्याचा चेहरा ठरला.

अमेरिकेतली ‘टीआरएस-८०’ची गोष्ट याहून मजेशीर आहे. टँडी कंपनी म्हणजे रेडिओ शॅक या दुकानांच्या साखळीची मालक. १९७७ मध्ये तिनं कॉम्प्युटर काढायचं ठरवलं तेव्हा पडद्यासाठी आरसीए कंपनीचा तयार काळा-पांढरा टीव्ही घेतला आणि त्यातला चॅनेल लावायचा ट्यूनर काढून टाकला. त्या टीव्हीचं खोकं चंदेरी-करड्या रंगात येत होतं, म्हणून अख्खा कॉम्प्युटर त्याच रंगाचा केला. पडदा आणि कॅसेट रेकॉर्डर धरून किंमत ६०० डॉलरला पाच सेंट कमी. म्हणजे इथं सारखेपणा हा योगायोगही नाही आणि कलाही नाही. तो टीव्हीच होता.

जपानमध्ये शार्प कंपनीचा ‘एक्स १’ हा कॉम्प्युटर १९८२ मध्ये आला तो कंपनीच्या टीव्ही विभागातून. साहजिकच त्याचा जोडीचा पडदा टीव्हीही होता आणि चालू कार्यक्रमावर कॉम्प्युटरची अक्षरं उमटवता येत. १९८३ मध्ये ‘एमएसएक्स’ नावाचं सामाईक प्रमाण ठरलं आणि सोनी, नॅशनल, तोशिबा, सान्यो, फिलिप्स यांनी त्यावर आपापले कॉम्प्युटर काढले. ही नावं पुन्हा एकदा वाचा. आपल्या दिवाणखान्यातल्या टू-इन-वनवर यातलंच एखादं असायचं. लोणी काळभोरला रेडिओ बनवणारी फिलिप्स आणि हॉलंडात घरगुती कॉम्प्युटर विकणारी फिलिप्स एकच. 

या सगळ्यामागे गिऱ्हाइकाची भीतीही होती. १९७७ पर्यंत कॉम्प्युटर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे बँकेतल्या नाहीतर सरकारी खात्यातल्या लोखंडी कपाटांची रांग यायची. असली वस्तू बायको-मुलांच्या खोलीत आणायची तर तिनं घरच्यासारखं दिसायला हवं. अटारीच्या व्हिडिओ गेमच्या दर्शनी भागावर लाकडाच्या रेषांची पट्टी होती ती यासाठीच. त्या काळचे टीव्ही आणि स्टिरिओ लाकडी कॅबिनेटात असत. ‘सोल-२०’ या यंत्राला तर बाजूच्या फळ्या खऱ्या अक्रोडाच्या होत्या. ॲपल-२ चं खोकं कसं असावं याचा विचार करत स्टीव्ह जॉब्झ मेसीज या मोठ्या दुकानात स्वयंपाकघराच्या विभागात हिंडले आणि तिथल्या क्विझिनार्ट फूड प्रोसेसरवर त्यांची नजर ठरली. उलट उदाहरणही आहे. कमोडोर कंपनीचा कॅनडात कचेरीच्या फर्निचरचा कारखाना होता. तिचा १९७७ चा ‘पेट’ हा कॉम्प्युटर पत्र्याचा निघाला आणि फायलींच्या कपाटाचा नातेवाईक दिसला. कॅसेट रेकॉर्डर मात्र त्याच्याही पोटात बसवलेला होता! पाच वर्षांनी त्याच कंपनीनं गुबगुबीत, पावाच्या डब्यासारखा ‘कमोडोर ६४’ काढला आणि तो जगभर तडाखेबंद खपला.

आता तुमचा दुसरा प्रश्न, जो मला जास्त आवडला. वापरलेली नाही त्या वस्तूची ओढ कशी?

परदेशात या विषयावर लिहिणारे बहुतेक लोक आपल्या लहानपणाबद्दल लिहितात. त्यांच्या घरात हे यंत्र होतं, त्यावर त्यांनी गेम खेळले, शाळेला दांड्या मारल्या. त्यांची ओढ सरळ आहे. आपल्याकडचं चित्र निराळं. मराठवाड्यात १९८० च्या दशकात घरी कॉम्प्युटर असलेली कुटुंबं बोटांवर मोजण्यासारखी असणार. तालुक्याच्या गावात टीव्ही येणं हीच बातमी होती; गच्चीवर अँटिना, त्याला टेकू, आणि खालून ‘आलं का?’ ‘मुंग्याच मुंग्या!’ असा संवाद. रामायण जानेवारी १९८७ मध्ये सुरू झालं तेव्हा एका टीव्हीसमोर अर्धी गल्ली बसायची. औरंगाबादजवळ चितेगावला व्हिडिओकॉनचा कारखाना उभा राहिला आणि टीव्ही ‘आपल्याकडचा’ झाला, पण कॉम्प्युटर नाही.

सरकारनं प्रयत्न केला, नाही असं नाही. १९८४-८५ मध्ये ‘क्लास’ नावाचा प्रकल्प सुरू झाला आणि देशातल्या सुमारे अडीचशे शाळांना पहिल्या फेरीत इंग्लंडचे ‘बीबीसी मायक्रो’ मिळाले. त्या देशात बीबीसीनं लोकांना कॉम्प्युटर शिकवण्यासाठी मालिका काढली होती, तिच्या जोडीला एकॉर्न कंपनीनं बनवलेलं हे यंत्र. पुढं मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सनं ते ‘युनिकॉर्न’ नावानं इथंही बनवलं. पण आपल्याकडच्या शाळेत त्याचं काय झालं? खोलीला पडदे, यंत्रावर प्लास्टिकचं झाकण, दाराबाहेर चपलांची रांग आणि आत ‘हात लावू नका’. इंग्लंडमध्ये घरातल्या टीव्हीशेजारी लोळणारं यंत्र आपल्याकडे देव्हाऱ्यात गेलं. ज्या पिढीनं या यंत्रासमोर चपला काढल्या तिला त्याचा लळा लागणं कठीणच होतं.

तेव्हा माझं मत असं की तुमचा हात अडतो तो कॉम्प्युटरसाठी नाही, टेपसाठी आणि टीव्हीसाठी. १९९६ मध्ये जन्मलेल्या मुलाच्या घरात टेपरेकॉर्डर असणारच. सुटलेली रीळ पेन्सिल घालून गुंडाळणं, पांढऱ्या बटणाशेजारचं लाल बटण सोबतच दाबल्याशिवाय टेप होत नाही हे कळणं, टेपवर क्रोशाचा रुमाल. आणि बहुधा जत्रेतून किंवा जिल्ह्याच्या बाजारातून आणलेला, टीव्हीला लावायचा कीबोर्डवाला व्हिडिओ गेमही, ज्याच्या खोक्यावर बिनदिक्कत ‘कॉम्प्युटर’ छापलेलं असे. तो व्हिडिओ गेम नकळत याच स्पेक्ट्रमसारख्या यंत्रांची नक्कल करत होता. म्हणून स्पेक्ट्रम हातात आल्यावर तुम्हाला तो परका वाटला नाही. डिकिन्सनना इंग्रज गिऱ्हाइकाच्या मनात ओळखीची भावना जागवायची होती. चाळीस वर्षांनी ती पूर्णेत जागी झाली.

हे म्हणताना मी या वस्तूंचं फार कौतुक करणार नाही. स्पेक्ट्रम प्लसचा कीबोर्ड वाईट होता. बटणं टणक दिसतात, पण खाली तोच पातळ पापुद्रा असतो. त्यावर लांब मजकूर टाइप करणं म्हणजे शिक्षा. ४८ के म्हणजे ४९,१५२ बाइट; आजच्या फोनमधल्या तीन एमबीच्या एका फोटोत अशी साठावर यंत्रं बसतील. जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांनी एकदा पाच मिनिटं लोडिंगची वाट बघावी आणि शेवटी ती एररची ओळ वाचावी.

तरी एक गोष्ट या यंत्रात अशी आहे जी आजच्या फोनमध्ये नाही, आणि ती दिसण्यापलीकडची आहे. ते आख्खं समजतं. पिन लावली की क्षणभरात पडदा पांढरा होतो, खाली १९८२ सालची कंपनीची एक ओळ येते आणि यंत्र तुमच्या हुकमाची वाट पाहत थांबतं. ‘जे’चं बटण दाबलं की ‘लोड’ हा पूर्ण शब्द उमटतो. बटणांवर ते शब्द आहेत ते याचसाठी. मधे कुणी जाहिरात नाही, परवानगी नाही, अपडेट नाही.

एक नमुना करून पाहू. स्पेक्ट्रममध्ये २१ अक्षरं तुमच्या मनाप्रमाणं घडवता येतात. प्रत्येक अक्षर म्हणजे आडव्या आठ ओळी आणि प्रत्येक ओळीत आठ ठिपके. डावीकडून ठिपक्यांच्या किमती १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २, १. जे ठिपके काळे हवेत त्यांच्या किमतींची बेरीज करायची आणि तो आकडा त्या ओळीला द्यायचा. चौकटीच्या वहीवर ‘प’ काढा. पहिली ओळ शिरोरेघ, म्हणजे आठही ठिपके : २५५. पुढच्या तीन ओळींत डावीकडची रेघ आणि उजवीकडचा दांडा, ६४ अधिक २ : ६६, ६६, ६६. पाचव्या ओळीत खालची वळणदार जोडणी : ६२. उरलेल्या तीन ओळींत फक्त दांडा : २, २, २. हे आठ आकडे यंत्राला सांगितले की इंग्लंडमध्ये आखलेल्या, देवनागरीचा गंधही नसलेल्या यंत्राच्या पडद्यावर ‘प’ उभा राहतो. मग ‘पूर्णा’ लिहायला जा. ऊकार कुठं काढणार? दांड्यानं तळ गाठलेला. रफार कुठं? शिरोरेघेच्या वर एकही ओळ शिल्लक नाही. तुमच्या गावाचं नाव या आठ बाय आठच्या घरात मावत नाही. हीच अडचण देशभरच्या कॉम्प्युटरवाल्यांना भेडसावत होती. ती नीट सुटली ते आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेल्या आणि पुढं पुण्याच्या सी-डॅकनं बाजारात आणलेल्या ‘जिस्ट’ कार्डामुळे. पण प्रश्न काय होता हे कळायला चौकटीची वही आणि हे काळं खोकं पुरे. माझ्या मते या यंत्रांना आजही गिऱ्हाईक आहे ते दिसण्यामुळे दुकानात थांबतं आणि या समजण्यामुळे टिकतं.

गिऱ्हाईक आहे हे मात्र खरं. नोव्हेंबर २०२४ मध्ये रबरी बटणांचा स्पेक्ट्रम नव्यानं बाजारात आला. आत आजची चिप, टीव्हीला एचडीएमआयची वायर आणि गेम आधीच भरलेले. किंकाळीची सोय नाही. २०२० च्या ‘रास्पबेरी पाय ४००’ मध्ये कीबोर्डच्या पोटातच पूर्ण कॉम्प्युटर बसवला आहे आणि तो उघड उघड या जुन्या यंत्रांचा वारस आहे. मुलांना शिकवायला काही घ्यायचं असेल तर मी हा दुसरा सुचवीन. पहिला शोभेचा.

पत्रात नसला तरी तुमच्या मनात असेल असा शेवटचा प्रश्न : चालू करून बघू का?

बघा, पण घाई नको. आधी खोक्यात एलिमिनेटर आहे का ते शोधा. हे फार महत्त्वाचं आहे, कारण स्पेक्ट्रमच्या पिनमध्ये आतला भाग ऋण आणि बाहेरचा धन असतो. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक नऊ व्होल्टच्या अडॅप्टरमध्ये हे नेमकं उलटं असतं. उलटी पिन लागली की यंत्र तिथल्या तिथं जाऊ शकतं. मूळचा एलिमिनेटर सापडला तरी तो सरळ लावू नका. मेकॅनिककडून मल्टीमीटरनं तपासून घ्या. इतकी वर्षं पडून असलेल्या यंत्रातले कंडेन्सर सुकलेले असतात, तेही त्यालाच बघू द्या. ते बदलणं त्याच्या हातचा मळ आहे, कारण टीव्हीतही तेच असतात. यंत्र उघडताना कीबोर्डपासून आत जाणारी पातळ पट्टी जपून हाताळायला सांगा. वयानं ती पापडासारखी होते आणि वाकवली की तुटते.

चित्र येण्यासाठी टीव्हीला अँटिनाचं भोक आणि ॲनालॉग ट्यूनिंग हवं. यूएचएफ ३६ च्या आसपास शोधा. आवाज टीव्हीतून येणार नाही, तो यंत्रातल्याच छोट्या भोंग्यातून येतो. बिघाड समजू नका. गेम खेळायची एवढीच हौस असेल तर या कशाचीच गरज नाही. स्पेक्ट्रमची नक्कल करणारी ‘फ्यूज’सारखी मोफत सॉफ्टवेअर आहेत, आणि स्पेक्ट्रमचे हक्क १९८६ मध्ये विकत घेणाऱ्या ॲमस्ट्रॅड कंपनीनं त्यांना मूळ प्रोग्रॅम वापरायची मोकळीक दिलेली आहे.

मात्र यंत्रापेक्षा मला काळजी आहे ती तुमच्या कॅसेटींची. असा स्पेक्ट्रम आणखी कुठं ना कुठं मिळेल. पण त्या कॅसेटींतल्या एखादीवर मामांनी स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम असेल तर तो जगात दुसरीकडे कुठंही नाही. चुंबकापासून, म्हणजे स्पीकरपासूनही, त्या लांब ठेवा. बुरशी दिसली तर वाजवू नका. चांगल्या असतील तर एकेक पूर्ण गुंडाळून टेपच्या ‘इअर’मधून आजच्या कॉम्प्युटरच्या माइकमध्ये वायर घाला आणि ती किंकाळी वेव्ह फाइल म्हणून जशीच्या तशी उतरवून घ्या, एमपी-थ्री करू नका. ही फाइल त्या नकली स्पेक्ट्रममध्ये भरता येते. कव्हरवर गाण्यांची नावं असली तरी दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय कुठलीही कॅसेट टाकू नका. त्या काळी जुन्या गाण्यांच्या कॅसेटीवरच प्रोग्रॅम टेप केले जात. आणि इतर वाचकांपैकी कुणाच्या माळ्यावर ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’चं माहितीपुस्तक, बिल किंवा खोकं असेल, तर ते रद्दीत न घालता यंत्राच्या जोडीनंच ठेवावं, ही विनंती.